दोन जावांच्या कवळ्या

जिथं रस्ता संपतो आणि जंगल सुरू होतं, अशा वस्त्यांतून दातवाला वीस वर्षं फिरत होता. एका फेरीला तोंडाचे साचे घ्यायचे, सहा महिन्यांनी कवळ्या आणून द्यायच्या. साच्यावर तो माणसाचं नाव नाही, घराची खूण कोरायचा. आपल्या या हुशारीचं त्याला भारी कौतुक. तीच नडली. शेवटच्या वस्तीतलं शेवटचं घर दोन जावांचं, मधे फळ्यांची भिंत. साचे दोन आणि खूण एकच! मागच्या फेरीला थोरलीची कवळी धाकटीला गेली, धाकटीची थोरलीला.

एरवी भिंतीपलीकडे हात केला असता तर काम झालं असतं. पण अकरा वर्षं दोघींत शब्द नव्हता. दोघींचे नवरे, दोघे भाऊ, मध काढायला जंगलात गेले, धाकटा तेवढा परत आला. तिसऱ्या दिवशी शोधायला गेलेली माणसं हात हलवत परतली, तेव्हा धाकटी अंगणात बोलून गेली, "देवा, माझा तरी आला." थोरलीनं ते ऐकलं. झालं!

या फेरीला दातवाल्याला थोरली ओळखूच येईना. नुसती हाडं आणि कातडं.

"बसतच नाही ती तोंडात," ती म्हणाली. "पेजेवर आहे सहा महिने."

"आक्का, अशानं पुढच्या फेरीला भेटायच्या नाहीत तुम्ही. बदलून घ्या की!"

"तिला मागायला सांग."

तो पलीकडच्या दारात गेला. धाकटीचा गाल सुजलेला.

"टोचते हो भाऊ, पण घालते. काढून ठेवली तर तिला वाटेल, मी हरले. मी नाही मागणार. तिनं मागावं!"

एकीला झाकावी आणि दुसरीला काढावी, दातवाला मनात म्हणाला. पण चूक त्याची होती आणि म्हातारी डोळ्यांदेखत झिजत होती. मग त्यानं शक्कल लढवली. "घासून देतो जरा," म्हणून दोघींच्या कवळ्या मागून घेतल्या. झाडाखाली बसून पाव तास उगाच मशीन फिरवलं आणि जिची तिला नेऊन दिली, आधी धाकटीला, मग थोरलीला.

थोरलीनं कवळी बसवली. गाल भरून आले. तिनं भाजलेले दाणे तोंडात टाकले, चावले, आणि तिच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"भलं होईल रे बाबा तुझं."

तिथंच निघायला हवं होतं. पण कौतुकानं माणूस फुगतो.

"धाकटीलाही कशी चपखल बसली, आक्का! दुखणं एकदम थांबलं. हसली चक्क."

थोरली चावायची थांबली. "तिलाही?"

"मग! बदलल्याच मी."

तिनं कवळी काढली, तांब्यातल्या पाण्यानं धुतली आणि त्याच्या हातावर ठेवली.

"घेऊन जा."

"अहो, वेड लागलंय का? मराल!"

"जेवताना ती कण्हायची. फळीतून रोज ऐकायचे मी," थोरली बोळक्या तोंडानं म्हणाली. "तेवढ्यावर सहा महिने काढले रे. आता कशावर काढू?"