अर्ध्या पायरीवरचा घाटनांदूरकर

मित्रांनो, मी एक जुना, फार जुना तुकडा आहे. कापडाचा नव्हे, भाकरीचा नव्हे, माणसाच्या रक्तातला. आईबापांकडून लेकराकडे अक्षरांची एक लांबच लांब दोरी जाते. शिकलेले लोक तिला डीएनए म्हणतात. त्या दोरीवर माझी जागा आहे. चार अक्षरांचा एकच शब्द पुन्हा पुन्हा लिहावा, तसं माझं अंग. माझ्यामुळे कुणाचं नाक सरळ होत नाही की कुणाला गणित येत नाही. घरात राहून काडीचं काम न करणारा पाहुणा म्हणा ना.

माझा जन्म चुकीतून झाला. घाटनांदूरच्या बाजाराला बैलांवर मीठ लादून येणारा एक व्यापारी होता, पुढं तिथंच घर करून राहिलेला. त्याच्या अंगात नक्कल होताना माझ्या एका शब्दातली दोन अक्षरं गळाली. तेव्हा निजामाच्या खुर्चीचं लाकूड अजून झाडावर डोलत होतं. खोटं वाटत असेल तर त्या झाडाला विचारा.

तेव्हापासून मी त्याच गावात फिरतो आहे. बाहेर पडणार कसा? आत्याच्या मुलाला मामाची मुलगी करायची, ही तिथली रीत. नवरीबरोबर मी वाजतगाजत एका उंबऱ्यातून निघायचो आणि पुढच्या पिढीत तिच्या भाचीच्या अंगातून त्याच वाटेनं पुन्हा तिच्याच घरी यायचो. साऱ्या जगात मी दुर्मिळ, पण घाटनांदूरच्या बाजारात डोळे मिटून खडा मारला तर तो मलाच लागेल.

आता माझ्या वैतागाची गोष्ट ऐका. गावात नुकताच दुसरा एसटीडी बूथ निघाला होता, तेव्हाची.

महादेवाच्या देवळातला चांदीचा मुखवटा चोरीला गेला. चोरानं काचेची पेटी फोडली, त्यात त्याचा हात कापला आणि काचेवर रक्त सांडलं. चोरही गावचाच, म्हणून त्या रक्तात मी होतो. पोलिसांना फोन गेला. पण देवळाची सेवा शांतादेवींच्या घराकडे. गाभारा बाटला म्हणून पोलीस येण्याआधीच त्यांनी सगळा गाभारा धुऊन काढला, काच पुसली, वर भस्म लावलं.

धुळाजी हवालदारानं कपाळाला हात लावला. "शांताकाकू, हे कावून केलं?"

"मग काय देवाला तसाच पारोसा ठेवू?"

अहो, धुवायचं तर उद्या धुवा. पण आमचं ऐकतो कोण? बाकीचे लांब तुकडे तुटून वाहून गेले. मी आखूड, म्हणून पेटीच्या फटीत तेवढा तगलो.

शांतादेवींचा मुलगा केदारनाथ किराणा दुकान चालवायचा. सोड्याची बाटली फुटून त्याचा हात कापला होता. हाताला पट्टी दिसली आणि पोलिसांनी त्याला उचललं. त्याचं रक्त आणि फटीतला मी, दोघं मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत गेलो.

तिथं माझी आणखी शोभा झाली. तिथल्या यंत्रात तुकड्यांची उंची मोजायला एक शिडी असते. प्रत्येक तुकडा कुठल्या ना कुठल्या पायरीवर उभा राहतो. मी मात्र दोन पायऱ्यांच्या मध्ये. एक साहेब म्हणाले, "यंत्र बिघडलं." पुन्हा मोजलं, मी तिथंच. केदारनाथच्या रक्तातही मी तिथंच. मग साहेबांनी तक्ते काढले. तक्त्यात परदेशातले लोक होते, महानगरांतले होते, घाटनांदूरचं एक माणूस असेल तर शपथ. मी कुठंच सापडलो नाही, म्हणून साहेबांनी लिहून टाकलं, "लाखात एक." कालपर्यंत यंत्राचा बिघाड होतो, आज बिनतोड पुरावा झालो.

केदारनाथ कोठडीत गेला. मामाच्या कावेरीशी त्याचं लग्न ठरलं होतं. कावेरीचे वडील भीमाशंकर बहिणीच्या दारात येऊन म्हणाले, "शांता, चोराला पोरगी देणार न्हाई. रक्त खोटं बोलत न्हाई."

कावेरीनं कुणाशी वाद घातला नाही. आत्याकडून डबा घेऊन ती रोज कोठडीवर जात राहिली.

कोर्टात प्रयोगशाळेच्या वनमाला मॅडम आल्या. न्यायाधीशांनी विचारलं, "लाखात एक म्हणजे कुठल्या लाखात?"

मॅडमनी हातातला तक्ता पुन्हा वरपासून पाहिला. मग म्हणाल्या, "आरोपीच्या गावात आम्ही कुणालाच तपासलेलं नाही. ते तपासून सांगते."

आणि त्या खरंच गावात आल्या. शाळेत टेबल मांडलं, पण कुणी पुढं होईना. गावातल्या साखराबाईंनी पदर गुंडाळून हात लपवला. "रगत द्यायचं अन् चोर ठरायचं? आमी न्हाई."

भीमाशंकर बाह्या सरसावत बसले. "घ्या आमचं. आमचं घराणं लई सरळ हाय." मी आतून ओरडत होतो, अहो आप्पा, थांबा. पण मला तोंड असतं तर ही वेळ कशाला आली असती?

पुढच्या तारखेला मॅडमनी सांगितलं, "तपासलेल्या दर चौथ्या-पाचव्या माणसात हा तुकडा आहे. एवढ्यावरून एकाच माणसाकडे बोट दाखवता येत नाही."

"नावं सांगा," भीमाशंकर मागून उठले. "गावाला कळू द्या."

"नावं सांगता येत नाहीत. तुमचं तुम्हाला हवं असेल तर बाहेर सांगते."

"इथंच सांगा. आमाला काय भ्या हाय?"

"तुमच्यात आहे."

भीमाशंकर बाह्या खाली ओढत बसले. कावेरी मागच्या बाकावरून म्हणाली, "आप्पा, उद्यापासून दोन डबे करू का?" न्यायाधीशांनी चष्मा पुसायला घेतला.

केदारनाथ सुटला. भीमाशंकर आठवडाभर बहिणीच्या घरावरून नुसते जात-येत राहिले. शेवटी शांतादेवींनीच हटकलं, "दादा, आत ये. चोराच्या घरी चोर आला तर कुणी नावं ठेवत न्हाई."

लग्न झालं. पंगतीत खरा चोरही होता. ज्या हातानं काच फोडली त्याच हातानं तो बुंदी हाणत होता. मी त्याच्यात होतो, नवऱ्यात होतो, नवरीत होतो, सासऱ्यात होतो, आणि एकालाही काही सांगू शकत नव्हतो.

मित्रांनो, पुढं तुमच्यापैकी कुणी शिकून त्या यंत्रापाशी बसेल. त्यानं माझ्यावर एवढी मेहरबानी करावी. मला दुर्मिळ म्हणण्याआधी माझ्या गावात येऊन मला शोधावं, आणि तोवर माझ्या भरवशावर कुणाच्या पोराला आत टाकू नये.