मी घसरले

"एकच माणूस आहे हो हा, पाहाबाई. मशीनसुद्धा तेच म्हणतंय," मॅडम तिच्या खुर्चीमागे उभ्या राहून म्हणाल्या. "द्या दाबून."

पडद्यावर दोन नावं एकाखाली एक उभी होती. आद्याक्षरं तीच, आडनाव तेच. वरच्या नावाखाली चाळीसेक पुस्तकं होती, खालच्या नावाखाली एकच. उजव्या कोपऱ्यात निळं बटण होतं: 'एकत्र करा'.

पाहाबाईने माउसवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

"पुस्तक बघितल्याशिवाय कसं दाबू?"

"आता पुस्तक कशाला बघायचं? वनस्पतिशास्त्रवाल्यांनी सरांच्या जन्मशताब्दीची पत्रिका छापलीय. त्यात हे सरांचं पहिलं पुस्तक म्हणून दिलंय. शुक्रवारी संध्याकाळी कार्यक्रम. लोक तिथे बसल्या बसल्या मोबाइलवर आपला कॅटलॉग उघडणार, आणि आपल्याकडे सर दोन जागी विखुरलेले. बरं दिसतं का ते?"

"बरं नाही दिसत," पाहाबाई म्हणाली. "तरी बघते."

मॅडम हसल्या. वयाने त्या तिच्या मुलीएवढ्या होत्या आणि स्वभावाने चांगल्या होत्या. "शुक्रवार दुपारपर्यंत बघा. मग मात्र मीच दाबेन हं."

विद्यापीठाच्या ग्रंथालयात तिला खऱ्या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. ती नोकरीला लागली तेव्हा कॅटलॉग म्हणजे लाकडी खणांची भिंतभर कपाटं होती. हिचं अक्षर चांगलं म्हणून हिच्याकडे एकच काम आलं. एखादा लेखक दोन नावांनी लिहीत असेल, तर एका नावाच्या कार्डावरून दुसऱ्या नावाकडे बोट दाखवायचं. 'अमुक: तमुक पाहा.' दिवसभर नुसतं पाहा, पाहा आणि पाहा. कुणीतरी थट्टेने पाहाबाई म्हणालं आणि ते चिकटलं. टोपणनावं काही विचारून चिकटत नाहीत.

पुढे ती कपाटं गेली आणि संगणक आला. बरोबरीच्या बायकांनी कपाळावर हात मारले, पण हिला तो आवडला. बाहेरच्या वाचकाला पडद्यावर तीन ओळी दिसत. कर्मचारी म्हणून आत शिरलं की पडदाभर रकाने उघडत. नोंद कुणी केली, कधी बदलली, पानं किती, पुस्तकाची उंची किती, सगळं उघडं. बाहेरून घर बघणं वेगळं आणि मागच्या दाराने स्वयंपाकघरात शिरणं वेगळं, तसं ते होतं. एका गोष्टीला मात्र ती बिचकून असे. कार्ड चुकलं तर फाडून दुसरं लिहिता येई. इथे दोन नावं एकदा एकत्र केली की दुधात पाणी मिसळल्यासारखं व्हायचं. पुन्हा वेगळं कोण करणार?

पुस्तक तळघरात निघालं. पुस्तक कसलं, पुस्तिकाच. पातळ, राखाडी कव्हराची, पाठीला टाके घातलेली. 'जुन्या भिंतींवरील शेवाळ: एक निरीक्षण.' आत हाताने काढलेल्या आकृत्या, इतक्या बारीक की भिंग हवं. प्रस्तावनेखाली सही म्हणून फक्त आद्याक्षरं आणि आडनाव.

दुपारी डबा झाल्यावर ती पुस्तिका घेऊन खिडकीशी बसली. मी पाहिले, मी मोजले, मी नमुने गोळा केले, मला आढळले. पान उलटावं तिथे असलंच. आपल्या भाषेची ही एक गंमत आहे. पाहिले, मोजले, केले यातून करणारा पुरुष की बाई, काही पत्ता लागत नाही. वाचणाऱ्याने आपलं पुरुष धरून चालायचं. पाहाबाईसुद्धा तसंच धरून वाचत होती. मग शेवटाकडच्या एका पानाच्या तळाशी, बारीक अक्षरांत, एक टीप आली.

'या भिंतीवर चढताना मी घसरले. त्यामुळे अकराव्या नमुन्याची वाढ मोजता आली नाही.'

ती थांबली. पाहणं, मोजणं हे माणूस कशाचं तरी करतो. घसरण्याचं तसं नाही, तिथे आपलं आपल्यालाच घसरावं लागतं आणि मग बाई असेल तर बाई म्हणूनच घसरावं लागतं. सर असते तर घसरलो लिहिलं असतं.

म्हणजे चाळीस पुस्तकांचे सर हे नव्हेत. ही दुसरीच कुणी, त्याच आद्याक्षरांची, त्याच आडनावाची.

आणि मग पाहाबाईला आपल्या हातातली पुस्तिका जरा लांब धरावीशी वाटली. कारण ते आडनाव तिच्या मोठ्या जाऊबाईंच्या माहेरचं होतं. आद्याक्षरंही जुळत होती. जाऊबाईंचा डावा कोपर पुरता सरळ होत नसे. मुलं लहानपणी विचारायची, काकू, हात असा का? त्यांचं उत्तर ठरलेलं असे. भिंतीवरून पडले. मुलं हसायची. भिंतीवर चढलेली काकू कुणाच्या डोळ्यांसमोर येणार?

दोघी जावा एकाच घरात राहत, धाकटी वर आणि थोरली खाली. संध्याकाळी ती घरी पोचली तेव्हा जाऊबाई मागच्या ओट्यावर मटार सोलत बसल्या होत्या. आत भाऊजींचा टीव्ही मोठ्याने चालला होता. त्यांना आता कमी ऐकू येई.

"वहिनी, तुमचा कोपर कशाने गेला हो?"

"आज नवीनच विचारतेस? भिंतीवरून पडले."

"कुठल्या भिंतीवरून?"

"होती एक." त्यांनी शेंग उघडली, दाणे वाटीत टाकले. "शिडी आणायचा आळस केला."

पाहाबाईने मोबाइलवर काढलेला पानाचा फोटो पुढे धरला. जाऊबाईंनी हात पुसले, चष्मा कपाळावरून खाली घेतला. वाचायला दोन ओळी होत्या, पण त्यांना बराच वेळ लागला.

"हे अजून आहे?"

"आहे. तळघरात. पण शुक्रवारी दुसऱ्याच्या नावावर चढणार आहे." तिने सगळं सांगितलं. सर, शताब्दी, पत्रिका, निळं बटण.

"चढू दे. मोठा माणूस होता तो. त्याच्याकडे बरं राहील."

"मांजर आहे का ते, कुणाकडे बरं राहील ते बघायला?"

जाऊबाई हसल्या नाहीत. "तू नको त्यात पडू, धाकटे."

"मी नुसतं सांगून चालत नाही. घरातली ऐकीव गोष्ट मी तिथे लिहू शकत नाही. तुम्ही स्वतः एकदा म्हणायला हवं, की माझं आहे."

"आणि मग? कुणीतरी विचारणारच, बाई, पुढे काय लिहिलंत? काय सांगू? परीक्षेच्या आधी लग्न निघालं, मग तीन मुलं, सुनांची बाळंतपणं आणि ह्यांची पथ्यं? त्यापेक्षा ती पोरगी कोण होती ते कुणाला न कळलेलंच बरं. निदान तिला कुणी विचारणार तरी नाही."

"कॅटलॉग पुढचं विचारत नाही, वहिनी. हे पुस्तक कुणाचं, एवढंच विचारतो."

"तुझा कॅटलॉग नसेल विचारत. माणसं विचारतात."

आतून भाऊजींची हाक आली. "काय म्हणतेय ती?"

"मटार महाग झाले म्हणतेय," जाऊबाई मोठ्याने म्हणाल्या.

"मग घेऊ नका म्हणावं."

जाऊबाईंनी सालं गोळा केली आणि उठल्या. विषय तिथेच संपला.

दुसऱ्या दिवशी पाहाबाईने मॅडमना ती टीप दाखवली. मॅडमनी दोनदा वाचली आणि लगेच विभागप्रमुखांना फोन लावला. फोनवरचा आवाज सौम्य होता, पण घाईत होता. "छपाईची चूक असणार हो. घसरलो असेल. काना उडाला असेल खिळ्यातून. त्या काळच्या छपाईत काय काय उडायचं! एका कान्यासाठी सरांचं पहिलं पुस्तक काढून घेणार का? दुसरं कुणी असेल तर येऊन सांगू दे ना. आम्ही आनंदाने ऐकू."

मॅडमनी फोन ठेवला. "त्यांचंही बरोबर आहे, पाहाबाई. तुम्हाला माहीत आहे का कुणी?"

"माहीत आहे. पण तिने सांगायला हवं. मी सांगून उपयोग नाही."

"मग उद्या दुपारपर्यंत."

संध्याकाळी ती घरी गेली ती सरळ जिना चढून वर गेली. खाली डोकावली नाही. एकदा विचारलं होतं, दुसऱ्यांदा विचारलं असतं तर ती जबरदस्ती झाली असती. रात्री नवरा म्हणाला, "खालच्या मजल्याशी अबोला धरलास का?" ती म्हणाली, "नाही. वाट बघतेय." कशाची, ते त्याने विचारलं नाही. तिच्या नोकरीतलं त्याला फारसं कळत नसे आणि ते तो कबूलही करत असे.

शुक्रवारी दुपारी पाहाबाई पडद्यासमोर बसून होती. दोन्ही नावं समोर होती. खालच्या नावावर बोट ठेवून तिने उगाचच नोंद पुन्हा उघडली, बंद केली. मॅडम दारात येऊन उभ्या राहिल्या, घड्याळाकडे बघितलं. तेवढ्यात काउंटरवरून फोन आला. "पाहाबाई, तुमच्या घरून कुणी आलंय. चष्मा विसरलात म्हणे."

पाहाबाईचा हात नाकाकडे गेला. चष्मा होता तिथेच होता.

जाऊबाई आत आल्या. ठेवणीतले कपडे घातले होते, केस चापून बसवले होते. त्यांच्या हातात चष्म्याचं रिकामं घर होतं.

"घर विसरलीस," त्या म्हणाल्या. "चष्मा पडला तर कशात ठेवशील?"

"बरं केलंत आणलंत. बसा."

मॅडमनी स्वतःची खुर्ची पुढे ओढून दिली. जाऊबाई खुर्चीच्या कडेवर बसल्या, खोलीभर नजर फिरवली. मग टेबलावरची राखाडी पुस्तिका दिसली आणि नजर तिथेच राहिली. त्यांनी ती उचलली नाही. मॅडमकडे वळून, भाजीवालीला सुटे पैसे द्यावेत इतक्या साध्या आवाजात म्हणाल्या, "त्यात जी घसरली, ती मी."

मॅडमनी एकदा पाहाबाईकडे बघितलं आणि मग त्यांच्याकडे. "तुमचं पुस्तक आहे हे?"

"हो. माझंच आहे."

त्यापुढे मॅडमनी काहीच विचारलं नाही. बाहेर जाऊन फोन केला आणि परत आल्या. "विभागप्रमुख म्हणतात, पत्रिका छापून झालीय, पण कार्यक्रमात दुरुस्ती सांगतील. तुम्ही याल का विचारत होते. पहिल्या रांगेत बसवतील."

"नको हो. ह्यांना वेळेवर जेवायला लागतं."

"एक दिवस भाऊजी थांबतील," पाहाबाई म्हणाली.

"थांबतील. पण मला नकोय." त्यांनी ते इतकं शांतपणे म्हटलं की पुढे आग्रह करायला जागाच राहिली नाही.

पाहाबाईने नोंद उघडली. "वहिनी, नाव कुठलं घालू? आत्ताचं की तेव्हाचं?"

"आत्ताच्या नावाने मी कधी भिंतीवर चढले नाही. तेव्हाचंच घाल."

"आणि आत्ताच्या नावावरून 'पाहा' देऊ? म्हणजे कुणी ह्या नावाने शोधलं तर तिथे पोचेल."

जाऊबाईंनी विचार केला. "दे एक. तुझ्या अक्षरात नाही येणार आता, पण दे."

पाहाबाईने पूर्ण नाव लिहिलं. आद्याक्षरं सुटी होऊन त्यांची अख्खी नावं झाली. जन्मवर्ष विचारलं. ते लिहून पुढे एक आडवी रेघ ओढली आणि रेघेपुढची जागा मोकळी सोडली.

"हे पुढे रिकामं कशाला ठेवलंस?"

पाहाबाईची बोटं कीबोर्डवर थांबली. "ते नंतर भरायचं असतं."

"हं," जाऊबाई म्हणाल्या. रेघेकडे बघत राहिल्या. "बरी ऐसपैस जागा आहे."

पाहाबाईने नोंद जतन केली. आता पडद्यावर दोन वेगळी माणसं होती. एकाची चाळीस पुस्तकं, एकीचं एक. मॅडम आपल्या कामाला निघून गेल्या.

जाऊबाईंनी आता कुठे ती पुस्तिका जवळ ओढली. कव्हरवरून तळहात फिरवला आणि पानं चाळायला लागल्या, कुठे थांबत, कुठे ओठ हलवत. आकृत्यांच्या पानाशी त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"ह्या दोन शेवाळांची नावं उलटी छापलीत. हे ते आहे आणि ते हे आहे. तेव्हाच जाऊन सांगणार होते छापखान्यात." त्यांनी मान वर केली. "पेन्सिल आहे का गं?"

ग्रंथालयाच्या पुस्तकात पेन्सिल लावणाऱ्या कित्येकांना पाहाबाईने या टेबलावरून खडसावलं होतं. प्राध्यापकांनाही सोडलं नव्हतं. तिने खण उघडला, पेन्सिल काढली, टोक बोथट वाटलं म्हणून नीट करून घेतलं आणि जाऊबाईंच्या हातात दिली. मग काहीतरी काम निघाल्यासारखी पडद्याकडे तोंड करून बसली.