व्हिएन्नाची कमान

युरोपच्या दौऱ्याचे फोटो दाखवणं अर्ध्यावर आलं तेव्हा अंगणवाडीच्या द्वारकाबाई उठून उभ्या राहिल्या. पंचायतीच्या भिंतीवर व्हिएन्नाचा राजवाडा होता आणि त्याच्यापुढे, निम्मा राजवाडा झाकून, सरपंच अप्पाराव होते.

"आप्पा, ह्या घरात खोल्या किती म्हन्लात?"

"हजाराच्या वर."

"अन् माझी एक?"

मागे कोणीतरी खोकलं.

अंगणवाडीची खोली गळते म्हणून गेल्या उन्हाळ्यात पाडली होती. पाडायचं काम फारच जल्दी झालं. बांधायच्या कामाला मात्र अभ्यास लागतो, असं ठरलं. म्हणून अप्पाराव आणि त्यांच्यासारखीच काही अभ्यासू मंडळी सरकारी इमारती बघायला युरोपात जाऊन आली. त्यांनी संसद पाहिली, नगरभवन पाहिलं. राजवाडे तर इतके पाहिले, की शेवटी शेवटी बसमधून उतरणंही सोडून दिलं. तोवर इकडे द्वारकाबाईंची पोरं पुंजारामच्या गोठ्यात, म्हशींच्या शेजारी बसत होती. म्हशींची काही तक्रार नव्हती. श्रावणात बेबीनंदाच्या धाकटीला तिथं विंचू चावला. परतूरच्या दवाखान्यातून पोरगी घरी आली, तेव्हा गावानं देवाचे आभार मानले. पंचायतीनंही मानले. त्याला खर्च नव्हता.

अप्पारावांनी हात वर करून द्वारकाबाईंना धीर दिला. "करून राह्यलो ना, बाई. पहिलं गावाचं तोंड तर नीट होऊ द्या."

गावाचं तोंड म्हणजे कमान. आपल्याकडे गावाला रस्ता नसला तरी भागतं, पण कमान लागतेच. वाटूरकडून येताना एखादी फार मोठी कमान दिसली, की खुशाल समजावं, आत बघण्यासारखं काही नाही.

अप्पारावांनी फोनमधला राजवाड्याचा दरवाजा वसंता गवंड्याला दाखवला. वर घुमट, खाली खांब आणि दोन्ही अंगांना उघडेबंब दगडी पहिलवान. वसंतानं जन्मभर मारुती घडवलेले. त्याच्या हातून पहिलवानही मारुतीच उतरले, फक्त शेपट्या तेवढ्या घडवायच्या राहिल्या. पहिल्याच शनिवारी बायका त्यांना तेल घालून गेल्या. ते पुसायला पंचायतीनं रोजावर एक माणूस लावला. द्वारकाबाईंना मदतनीस द्यायला माणूस मिळत नव्हता.

खोलीसाठी आलेला पैसा या कमानीत गेला, हे ग्रामसेवकानं द्वारकाबाईंना जाता जाता सांगितलं. आज ढग दिसतात, असं सांगावं तसं. खोलीचं पुढल्या वर्षी बघू, असंही म्हणाला. घरी आल्यावर नवऱ्यानं, मच्छिंद्रनं, काय झालं म्हणून विचारलं. त्यांनी पोळपाट आपटला. मच्छिंद्रनं पुन्हा विचारलं नाही.

कमानीच्या उद्घाटनाला मोठे साहेब येणार होते. द्वारकाबाईंनी आरतीचं ताट घेऊन साहेबांना ओवाळावं, असा निरोप आला. त्या वेळेच्या आधीच हजर झाल्या. ताट नव्हतं. सतरंजी होती आणि मागे सगळी पोरं. या मारुतीपासून त्या मारुतीपर्यंत त्यांनी सतरंजी अंथरली, पोरांना बसवलं आणि गाणं सुरू केलं.

अप्पाराव पळत आले. "बाई, सायेबाची गाडी येऊन राह्यली. उठवा पोरं."

"कुठं बसवू?"

"आता ही काय येळ हाय का विचारायची?"

"विंचू चावला तव्हा येळ नव्हती. तुमी व्हिएन्नाला गेल्ते." द्वारकाबाईंचा आवाज चढला नाही, तो दगडासारखा जड झाला. "खोलीच्या पैशाचं ह्या गावात एवढंच छत हाय, आप्पा. मी अंगणवाडी भरवली. मंग आता मला उचलून ठिवा बाजूला, लोकांदेखत."

अप्पारावांनी आजूबाजूला बघितलं. बघणारे बरेच होते. पुढे कोणी आलं नाही.

गाडी आली, थांबली, हॉर्न वाजला. मग ड्रायव्हरच्या ध्यानात आलं की राजवाड्याच्या दरवाजाला राजवाडा नाही, भिंतही नाही. त्यानं गाडी खाली कपाशीत घातली, पिकाच्या चार ओळी तुडवल्या आणि कमानीला वळसा घालून गाडी गावात गेली.

थोड्या वेळानं पंचायतीकडून भोंग्यावर भाषण ऐकू येऊ लागलं. उन्हं चढत होती. कमानीची सावली सतरंजीवरून सरकली आणि हळूहळू रस्त्याच्या कडेला जाऊ लागली. द्वारकाबाईंनी पोरांना उठवलं, सतरंजी सावलीमागं ओढली आणि त्यांना पुन्हा ओळीनं बसवलं.