बांधापलीकडचे दुधी

हंबीररावानं बांधावरची शेवरी तोडली ती मुद्दाम. सकाळी म्हणाला, उसावर सावली पडती. दुपारी म्हणाला, शेरडांना पाला पाहिजे हुता. शेरडं तर त्याच्या दारात नव्हतीच. खोटं बोलायलासुद्धा माणसानं जरा कष्ट घ्यावेत की नाही?

बांधाच्या अलीकडं तीस गुंठे अंजनाचे. पलीकडं चार एकर ऊस, तिच्या थोरल्या दिराचा, म्हणजे याच हंबीररावाचा. अंजनाचा नवरा नाथाजी मिलिटरीतनं सुटला आणि पुण्यात एका सोसायटीच्या गेटावर सिक्युरिटीला लागला. रान अंजनाच्या अंगावर. भिलवडीच्या त्या काळ्याभोर पट्ट्यात सगळे ऊस लावायचे, ही बाई भाजी लावायची. तीही शेणखतावर, औषधाचा थेंब न मारता. भावकीच्या मते हिचं डोकं फिरलं होतं. थोरली जाऊ लीलाबाई तर गल्लीभर सांगायची, "औंधची हाय ती. दुष्काळी मुलखातली. तांब्यानं पाणी घालून जगलेली माणसं. तिला काय म्हाईत ऊस कशाशी खात्यात!"

अंजना तोंडावर म्हणायची, "व्हय आक्का, आमी तांब्यानंच घालतो. तुमच्यागत पाट सोडून झोपत न्हाई."

दर रविवारी ती वडापाच्या जीपच्या टपावर पाट्या चढवून सांगलीला, विश्रामबागेतल्या सेंद्रिय बाजाराला जायची. तिथं गेटाजवळ, कडुलिंबाच्या सावलीत तिची जागा. सहा वर्षं धरून ठेवलेली. पावसाळ्यात दोडका आणि अंबाडी, थंडीत मेथी, मुळा, पावटा, उन्हाळ्यात गवार आणि तांदळी. त्यापलीकडं काही मागितलं की अंजनाची जीभ सुटायची.

"मटार नाही का हो?" वैशाखात एकीनं विचारलं.

"ताई, मटार आता फक्त फ्रीजमधीच उगवतोय."

तरी बायका तिच्याकडंच यायच्या. शेजारच्या जागेवर बसणाऱ्या नानासोच्या पोटात नेमकं हेच दुखायचं. नानासोच्या पाटीवर बारा महिने टोमॅटो, सगळे एका मापाचे, जणू एकाच आईची लेकरं. त्याला अंजनाची जागा पाहिजे होती. दोन्ही जागा जोडून मोठं दुकान मांडायचं, असा त्याचा बेत.

त्या बाजाराचा एक नियम होता. दिवाळीच्या आधी सगळ्या सभासदांची शिवारफेरी निघायची. गटाचे अध्यक्ष धम्मपाल सर आणि बाकीचे शेतकरी एकमेकांच्या रानात जाऊन बघायचे. शेजारी कुणी फवारत असेल तर मधे उंच झाडांची भिंत पाहिजे, नाहीतर शेजाऱ्यानं बांधालगतचे दहा फूट तरी न फवारता मोकळे सोडायला पाहिजेत. दोन्ही नसेल तर सभासदाचं कार्ड गेलं. कार्ड गेलं की जागा गेली. उसात तणनाशक मारलं आणि वारं सुटलं की फवारा बांध ओलांडतो, वेलांची पानं मुठीगत आकसतात. अंजनाची भिंत म्हणजे ती शेवरी. आणि ती पडली होती आडवी, ऐन मृगाच्या तोंडावर.

पुन्हा लावली तर तो पुन्हा तोडणार. हातापाया पडावं, तर हंबीररावाला तेवढंच पाहिजे होतं. अंजना दोन दिवस गप्प बसली. गावाला वाटलं, खचली. अंजना गप्प बसली की गावानं खरं तर घाबरायला पाहिजे होतं.

तिला दोन गोष्टी पक्क्या ठाऊक होत्या. हंबीरराव जगात एकाच माणसाचं ऐकतो, लीलाबाईचं. आणि लीलाबाईला दिलेलं पचत नाही, उचललेलं मात्र अमृत लागतं.

तिनं बांधावर दुधी टोचले. तिच्या आईकडचं औंधचं बी, त्याचा दुधी लांब होत नाही, तांब्यागत बुडाला फुगतो आणि अंगावर पांढरे पट्टे. वेल सुटले तशी रोज सकाळी जाऊन एकेका वेलाचं तोंड हळूच पलीकडं वळवायची. त्या भागात रीतच आहे, वेल ज्याच्या बाजूला लोंबला फळ त्याचं. पण नुसती रीत असून लीलाबाईला मजा कशी येणार? म्हणून अंजना बांधावर उभी राहून ठणकावून ओरडली, "माझ्या दुधीला कुणी हात लावला तर हात मोडून ठेवीन!"

दुसऱ्या दिवशी तीन दुधी गायब.

अंजना दिवसाआड बांधावर जाऊन शिव्यांची लाखोली वाहायची. "कुणाच्या घशात गेले गं माझे दुधी! किडे पडतील!" पलीकडं उसात लीलाबाई तोंडाला पदर लावून हसायची. अलीकडं अंजना खाली बसून अंबाडी खुडता खुडता हसायची. दोघींचा श्रावण मोठा मजेत गेला.

भाद्रपदात हंबीरराव पाठीवर पंप अडकवून तणनाशक मारायला निघाला, तशी लीलाबाई आडवी आली. "बांधाकडं फिरकलासा तर बघा. माझं वेल हाईत तिथं."

"तुझं? आगं, त्या भवानीचं हाईत ती."

"लोंबत्यात कुणाकडं? दहा फूट सोडायचं. न्हाईतर जेवायला हाटेलात जा."

हंबीररावानं दहा फूट सोडले. तिथलं तण बायका लावून खुरप्यानं काढलं, आणि बांधाकडं बघून थुंकला.

एवढ्यावर अंजनाचं भागलं असतं. पण एका रविवारी तिची नजर शेजारी गेली आणि हातातला दोडका तसाच राहिला. नानासोच्या पाटीवर दुधी होते. तांब्यागत फुगलेले, अंगावर पांढरे पट्टे.

"कुठनं आणलं वं, नानासो?"

"घरच्या रानातलं. तुमच्या एकटीलाच येत्यात व्हय?"

अंजनाला सगळा हिशेब लागला. नानासो तिच्याविरुद्ध साक्षीदार जमवायला हंबीररावाकडं दोनदा चहा पिऊन गेल्याचं तिनं ऐकलं होतं. चहाबरोबर दुधीचंही जमलं होतं तर! मग तिनंच येणाऱ्या बायांना सांगितलं, "दुधी पाहिजे तर त्यांच्याकडचे घ्या. लय गोड हाईत." नानासो गोंधळून तिच्याकडं बघत राहिला.

शिवारफेरी आली. धम्मपाल सर, पंधरा-वीस शेतकरी, आणि सगळ्यांच्या पुढं नानासो. मेथीचे वाफे, गांडूळखताचा खड्डा वगैरे बघायला त्याला वेळ नव्हता. तरातरा बांधावर गेला.

"सर, भिंत कुठाय? शेवरी गेली. बोलवा मालकांना."

मालक इस्त्रीचे कपडे घालून उसाच्या कडेला हजरच होते. हंबीररावानं खाकरून घसा साफ केला.

"फवारलं तर काय. चारदा फवारलं. पार बांधाला टेकून. आता माझ्या रानात मी काय करायचं ते मी ठरवणार. तिच्या भाजीत विष उतरलं असंल तर त्याला माझा इलाज न्हाई."

"लिहा सर," नानासो म्हणाला. "विष. त्यांच्या तोंडाचा शब्द लिहा."

सरांनी पेन उघडलं. ते बिचारे वेलाची पानं उलटून बघत होते. "पण पानं आकसलेली नाहीत..."

"पानाला काय कळतंय?" नानासो म्हणाला. "माणूस स्वतः सांगतोय की! ह्या बांधावरचं फळ जनावराच्या म्होरंसुद्धा टाकू नये."

सहा वर्षांची जागा त्या पेनाच्या टोकावर आली होती. पण लीलाबाई उसाच्या पहिल्या सरीत उभी असल्याचं तिनं मघाच हेरलं होतं. हिरवं लुगडं उसात लपतं, बांगड्या नाही लपत.

अंजनानं कपाळावर हात मारला आणि रानभर आवाज घुमवला. "आक्का गं! माझं जाऊ दे, पर तुमचं कसं व्हायचं! तीन महिने नवऱ्यानं विष खायला घातलं तुमास्नी! भावजी, माझ्यावर राग हुता तर मला मारायचं, माझ्या आक्काला का वो?"

ऊस फाकला. लीलाबाई बाहेर आली ती हातात खुरपं घेऊन.

"कवा मारलं?" तिनं नवऱ्याला विचारलं.

"तू घरात जा."

"कवा मारलं म्हणते! दहा फूट सोडलं हुतं का न्हाई? का मला फशिवलं? माझ्या लेकीला दर आठवड्याला दुधी धाडलं मी!"

हंबीररावाची मान खाली गेली. "न्हाई मारलं," तो पुटपुटला.

"मोठ्यानं!"

"न्हाई मारलं! दहा फूट मोकळं हाय. बास?"

नानासो मधे पडला. "काकी, तुमी ह्यात पडू नका. तुमाला त्यातलं..."

"तू गप रं!" लीलाबाई आता त्याच्याकडं वळली. "आठवड्याला पोतं भरून ह्याच बांधावरचं दुधी न्हेत हुतास, तवा न्हाई विष दिसलं? वर म्हनत हुतास, काकी, विश्रामबागेत झुंबड उडती तुमच्या दुधीवर!"

कुणीतरी हसलं. मग सगळेच. धम्मपाल सर हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि विचारलं, "नानासो, आपल्या बाजारात फक्त घरचाच माल विकायचा. हे दुधी घरच्या रानातले म्हणूनच विकत होतात ना?"

नानासोनं खूप काही सांगितलं. कुणी ऐकलं नाही. त्याचं कार्ड त्याच बांधावर परत घेतलं.

अंजनाला वाटलं, सुटले. पण सर नियमाचे पक्के. "अंजनाताई, दहा फुटांचं लेखी लागेल. शेजाऱ्याची सही. रविवारपर्यंत आणा, नाहीतर माझा नाइलाज आहे."

"मेलो तरी सही करणार न्हाई," हंबीरराव म्हणाला आणि चालू लागला.

गुरुवार गेला, शुक्रवार गेला. अंजना दिराच्या दारात गेली नाही. शनिवारी एकदा चप्पल घातली, उंबऱ्यापर्यंत गेली, परत काढली. त्या दारात उभी राहिली असती तर जागा मिळाली असती, पण मग गावात तोंड कुठं दाखवायचं? तरीसुद्धा तिनं रविवारची मेथी काढून जुड्या बांधल्या.

सकाळी ती विश्रामबागेत पोचली तेव्हा सर गेटातच उभे होते. हातात कागद. खाली हंबीररावाची सही, इतकी दाबून केलेली की कागद फाटला होता.

"कुणी आणला?"

सरांनी बोट दाखवलं. कडुलिंबाखाली, नानासोच्या मोकळ्या जागेवर पोतं अंथरून लीलाबाई बसली होती. पुढं दोन पाट्या दुधी. सर म्हणाले, "बांधालगतच्या पट्ट्यापुरतं त्यांनाही सभासद करून घेतलं. त्यांनी हट्टच धरला. म्हणाल्या, माझा माल मीच विकणार."

अंजना आपल्या जागेवर बसली. दोघींच्या मधे हातभर अंतर. कुणी कुणाकडं बघितलं नाही.

"माझ्या बांधावर पुन्यांदा शेवरी लावलीस तर बघ," लीलाबाई समोर बघत म्हणाली. "वेलावर सावली येती."

"वेल माझं हाईत."

"लोंबत्यात कुणाकडं?"

तेवढ्यात पहिलं गिऱ्हाईक आलं, नेहमीची एक बाई. अंजनाच्या मेथीकडं वाकली.

"आवं ताई, हिकडं या," लीलाबाई खणखणीत आवाजात म्हणाली. "ती मेथी दोनदा धुऊन घ्यावी लागती. बाई औंधची हाय, पाण्याची सवय न्हाई तिला."

बाजार दुपारी एकला उठतो. तेव्हा वाजले होते साडेसात.