पंचेचाळिशीपुढचा रकाना

टिक्.

दुपारच्या शांततेत स्वयंपाकघरातून आवाज आला तशी अनुयाने लॅपटॉपवरून मान वर केली. चार वर्षांची अक्षदा शेजारीच झोपली होती. मग कॅमेरा कोण वाजवतंय?

अंबरनाथच्या कंपनीने नमुन्याचा तो छोटा कॅमेरा तिच्याकडे पाठवला होता. कुठल्या वयाच्या गिऱ्हाइकाला तो विकायचा, हे चार वाजता तिथल्या जितेशसरांना सांगायचं होतं. लेकीपायी सुटलेली नोकरी यावर परत मिळणार होती. ‘अठरा ते पंचवीस’ असं तिने लिहूनही ठेवलेलं. पण पाहणीतली सगळी पोरं फोनवरच खूश होती.

ती आत गेली. सासूबाई, बनूबाई, सुईत दोरा ओवावा तसा श्वास रोखून परातीतल्या वालांवर नेम धरून उभ्या होत्या.

“आई, तुम्ही?”

“मोड बघ कसे आलेत. पेणच्या बहिणीला दाखवायचेत. म्हणते, तुमच्या खरवईच्या पाण्यात वाल फुटत नाहीत.”

“मग फोनवर काढायचा ना.”

“फोन मेला बोट लागलं की भलतीकडे जातो. परवा रांगोळीचा काढायला गेले, तर तुझ्या वडिलांनाच लागला. ह्याला एकच बटण. दाबलेलं बोटाला कळतं.”

अनुयाने कॅमेऱ्यात पाहिलं, तीन दिवसांत त्र्याऐंशी फोटो. रांगोळ्या, अक्षदाचे पैंजण, खालच्या नूतनताईंच्या साडीचा काठ.

“नूतन विचारत होती, कुठं मिळतो. भजनातल्या पाचजणी पण.”

अनुया लॅपटॉपकडे धावली. प्रश्नावली तिनेच केलेली, आणि वयाचे रकाने पंचेचाळीसवर संपत होते. पुढच्यांना कुणी विचारलंच नव्हतं. तिने स्पीकरवर सरांना फोन लावला.

“सर, साठीच्या पुढचे. माझ्या सासूबाईंनीच त्र्याऐंशी फोटो काढलेत.”

“म्हातारी माणसं कॅमेरा घेतात?”

“सहाजणी तयार आहेत सर. अजून आजचं भजन व्हायचंय.”

सर हसले. “चार वाजता सासूबाईंनाही बसव समोर. त्यांच्याच तोंडून ऐकू.”

“मग साडी बदलते,” बनूबाई म्हणाल्या आणि लगबगीने आत गेल्या.

अक्षदा उठली, आईच्या मांडीवर बसून फोटो बघू लागली. त्र्याऐंशी संपले.

“आजी कुठंय यात?”

निऱ्या सारख्या करत बाहेर आलेल्या बनूबाईंवर अनुयाने कॅमेरा रोखला. टिक्.

“ही घे आजी.”

“आता माझ्याएवढी असतानाची दाखव.”

“तसा फोटोच नाही गं. तेव्हा त्यांच्या गावात कॅमेरा कुणाकडे होता?”

बनूबाईंचा हात निऱ्यांवरच थांबला.

“मग आजी कशी दिसायची?”