डोहातल्या माशांचं दर्शन

दिवस उगवायच्या आत अर्धं गाव नदीच्या डोहावर जमलेलं असायचं. धामणगाव बढ्याहून, पार देऊळघाटाहूनसुद्धा बैलगाड्या यायच्या. काठावरच्या खडकावर बसून डोहबाबा नावाचा साधू घंटी हलवायचा, आणि खरंच, काळ्या पाण्यातून माशांची तोंडं वर यायची. उघडायची, मिटायची, पुन्हा उघडायची.

"पाहा! मुका जीव नाव घेऊन राह्यला! तुमाले देवानं जीभ देली, तं तुम्ही तिच्यावर तंबाखू ठेवता!"

लोक हसायचे, हात जोडायचे, नारळ फोडायचे. मेलेला मासा पांढरं पोट वर करून काठाला लागला की बाबा म्हणायचा, "हा सुटला." आणि त्याच पाण्यात लोक लोटे बुडवायचे. पाण्यावर तेलकट साय, खालून बुडबुडे, वास तर असा की पोटातलं अन्न वर यावं. बायका नाकाला पदर लावून ते पाणी प्यायच्या.

"वास नाही माय तो," बाबा सांगायचा, "पाताळातला धूप हाय!"

पुंजाजीही ते तीर्थ घरी न्यायचा. त्याची लेक चांगुणा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. बाळ सुखरूप व्हावं म्हणून त्याची बायको सत्यभामाबाई तिला वाटी वाटी तीर्थ पाजायची. आता पोरगी ओकून ओकून खाटेला लागली होती. जुलाब थांबत नव्हते.

"पोटातलं पाप निघून राह्यलं," बाबा म्हणाला. "तीर्थ वाढवा."

त्याच संध्याकाळी पंजाबराव गुरुजी आले. ते डोहाच्या खालच्या अंगाला, बौद्ध वस्तीत राहायचे. वस्तीला गावविहिरीवर पाणी भरू देत नसत. डोहातून वाहत येईल तेच त्यांचं पाणी. तिथं घरोघरी पोरं अंथरुणाला खिळली होती.

"पुंजाजीभाऊ, पोरीले ते पाणी पाजू नका."

"गुरुजी, मासे दर्शनाले येतात. म्या या डोळ्यानं पाह्यलं."

"मंग उद्या आणखी एकदा पाहा. दोन घंगाळं आणा. एक विहिरीच्या पाण्यानं भरून आणा. पाणी तुम्हीच काढा. म्या काढलं तर तिथं दुसराच तमाशा होईन."

चांगुणा आत कण्हत होती. पुंजाजीनं मान डोलावली.

पहाटे गुरुजींनी रिकाम्या घंगाळात डोहाचं पाणी घेतलं, फडक्यानं एक मासा धरून त्यात सोडला आणि घंगाळ बाभळीमागं नेलं. लोकही मागोमाग गेले. तिथून बाबा दिसत नव्हता. मासा तरी तोंड वर करून आ वासत होता.

"बाबा तं तिकडं बसला," गुरुजी म्हणाले. "हा कोनाचं दर्शन घेऊन राह्यला? माहं?"

लोक हसले. गुरुजींनी तोच मासा विहिरीच्या पाण्यात सोडला. जरा वेळ तो आडवा पडून राहिला. मग शेपटी हलली, आणि तळाशी जाऊन तो गुमान फिरू लागला. तोंड काही वर काढेना.

बाबा खडकावरून ओरडला, "गुरुजी, तुमच्या लोकाइनं देव सोडले! तुमच्या पोटात काऊन दुखून राह्यलं?"

"माह्या नाही, बाबा. चांगुणाच्या पोटात दुखून राह्यलं."

गुरुजी गर्दीतल्या एका शेतकऱ्याकडं वळले.

"रंगराव, डोहाच्या बुडाशी काय हाय?"

रंगरावानं खाली पाहिलं. सगळ्यांना ठाऊक होतं. घरोघरच्या अंबाडीच्या पेंढ्या, दगडाखाली दाबून सडत घातलेल्या. सडली की तिचा वाख काढून दोर वळायचे.

"दरसाल कुठं सडवत होते?"

"कडेच्या खड्ड्यात. पण बाबा म्हणे, डोहात घातली तं दोर तुटत नाही."

"बाबाले माहीत होतं पुढं काय होते. अंबाडी सडते तशी पाण्यात मुरलेली हवा सरते. मासा गुदमरते, म्हणून तोंड वर काढते. पहाटे हवा सगळ्यात कमी, म्हणून दर्शन पहाटे. घंटी नाही वाजवली तरी येतीन ते." गुरुजी पुंजाजीकडं वळले. "खड्ड्याचं पाणी बैलाले पाजता का हो तुम्ही?"

पुंजाजीला आपला बैल आठवला. सडवणीच्या खड्ड्याकडं त्यानं तोंड वळवलं, की पुंजाजी कासरा ओढून त्याला मागं घ्यायचा. बैलाला जे पिऊ दिलं नाही, ते पोटुशी लेकीला वाटीनं पाजलं.

"कोप होईन!" बाबा नारळ गोळा करत म्हणाला.

"होऊ दे कोप!" त्याच्या झोपडीचं सारवण-पाणी करणारी सोजराबाई पुढं आली. "आधी हा लोटा पी तू. तुह्या मडक्यात विहिरीचं पाणी मीच तं भरते बे रोज! मले म्हणे, साधूले गोड पाणी लागते!"

बाबानं लोट्याकडं पाहिलं आणि तोंड फिरवलं. त्याच्याही नाकाला तो वास सोसला नाही. पुढं त्याला कोणी हाकललं नाही. नारळ टाकून तो स्वतःच वाटेला लागला.

पुंजाजी मात्र पाण्यात उतरला. आपली पेंढी त्यानं ओढून काढली. कोपरापर्यंत शेवाळी लगदा चिकटला. मागोमाग रंगराव उतरला, मग बाकीचे.

हात धुऊन पुंजाजीनं गाडी जुंपली, चांगुणाला निजवलं आणि बैल बुलढाण्याच्या दवाखान्याकडं न वळवता आधी वस्तीत नेले.

"गुरुजी, आजारी पोरं आना. गाडीत जागा हाय."

चांगुणा वाचली, बाळही वाचलं. घरी आल्यावर बापानं तिच्या हाती विहिरीचं उकळून गार केलेलं पाणी दिलं. तिनं आधी लोटा हुंगला, मगच प्याली.

तेवढं तर तुम्हा-आम्हालाही जमेल. पाण्याला घाण वास आला, तर त्याला धूप म्हणू नका. वरच्या अंगाला जाऊन पाहा, आपण काय टाकलं आहे. आणि नदीत काही टाकायच्या आधी खालच्या अंगाला कोण पाणी भरतं, ते विचारा.