शेवटची सोळा पानं

"पासष्ट पानं झाली, अजून एक मुडदा पडेना! नुसते आपले बूट, बूट आणि बूट!"

मोठ्या बाई माझ्या पानांत नाक खुपसून पुटपुटल्या. तोंडाने कुरकुर चालली होती, पण पान उलटायला बोट आधीच ओलं करून ठेवलेलं होतं.

मित्रांनो, ज्या पुस्तकावर ही कुरकुर चालली होती, ते पुस्तक म्हणजे मी. मी एक जुनी रहस्यकथा आहे. माझं नाव 'गच्चीवरचे बूट'. त्या दिवशी मात्र माझ्या अंगावर सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं, 'मानवी प्रज्ञेची सात सोपाने, खंड दुसरा'. ही भानगड कशी झाली, ते सांगते.

माझा जन्म एका साध्या छापखान्यात झाला. कागद खरखरीत, शिलाई काटकसरीची. मुखपृष्ठावर लाल बुटांचा जोड आणि किंकाळी फोडणारी एक बाई. गंमत म्हणजे माझ्या एकशे ब्याण्णव पानांत कुठेही कुणी बाई किंकाळी फोडत नाही. चित्रकाराने मला न वाचताच रंगवलं होतं. पुढे माझ्याविषयी बोलणारे बरेच जण तसेच भेटले.

पुस्तकं भाड्याने देणाऱ्या एका दुकानात मी नऊ वर्षं काढली. आज या घरी, उद्या त्या घरी. दातांचे एक डॉक्टर मला खणात ठेवायचे. पेशंट आ वासून बसलेला आणि डॉक्टर "एक मिनिट हं" म्हणत माझं पान संपवायचे. एका शिवणकाम करणाऱ्या बाईंनी खूण म्हणून माझ्यात मापांची चिठ्ठी ठेवली होती. ती अजून माझ्यापाशी आहे. मी कित्येकांचं दूध उतू घालवलं, कित्येकांना बसथांबा चुकवायला लावला. पण परत करताना सगळ्यांचं एकच वाक्य, "असंच आपलं, टाइमपास." आणि मला पालथं ठेवून जायचे. खोटं कशाला सांगू, वाईट वाटायचं.

मग दुकान बंद झालं आणि मी ढिगात गेले. तिथून मला एका तेरा वर्षांच्या मुलीने उचललं. पेन्सिली कुरतडते म्हणून घरात तिला खारूताई म्हणत. तिने मला तीनदा वाचलं. तिसऱ्या वेळी माझी शेवटची सोळा पानं सुटून हातात आली. डिंकाची बाटली सापडेपर्यंत तिने ती गणिताच्या वहीत जपून ठेवली.

डिंक सापडायच्या आत मी सापडले. खारूताई जेवताना मला मांडीवर ठेवून वाचत होती. तिची आई एका शाळेची मुख्याध्यापिका. शाळेत सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणत, आणि चिडवायचं असलं की घरात बाबाही. मोठ्या बाईंनी मला दोन बोटांत उचललं, मेलेलं झुरळ उचलावं तसं.

"वाचायचं तर काहीतरी चांगलं वाच. असली पुस्तकं म्हणजे काय वाचन झालं?"

"तू वाचलंयस हे?"

"असली पुस्तकं कळायला वाचावी लागत नाहीत."

"असली म्हणजे खरी का गं?" बाबांनी मध्येच विचारलं. कुणी हसलं नाही.

मी कपाटात गेले. खारूताई रडली नाही, तिने हट्टही केला नाही. तिने फक्त वाचणं सोडलं. मोठ्या बाईंनी चार चांगली पुस्तकं आणली, ती टेबलावर जशीच्या तशी पडून राहिली. जेवताना बडबड करणारी पोर आता भिंतीकडे बघत पेन्सिल कुरतडू लागली. आईने काही विचारलं की "हं". एवढंच.

दोन आठवड्यांनी मोठ्या बाईंनी कपाट उघडलं. या पुस्तकात एवढं वाईट काय आहे, ते लेकीला एकदा समजावून सांगावं, असा विचार होता. हातात लाल पेन होतं. पहिलं पान त्यांनी उभ्यानेच वाचलं. बाराव्या पानावर त्या पलंगावर टेकल्या. तिसाव्या पानावर पेनाला टोपण लागलं.

दिवाणखान्यातल्या शोकेसमध्ये 'सात सोपाने' अकरा वर्षं दिमाखात उभं होतं. पाहुणे वाहवा करायचे, उघडायचं मात्र कुणी नाही. मोठ्या बाईंनी त्याचं कव्हर काढलं आणि मला चढवलं. मी पडले बारीक, त्यामुळे कव्हर आणखी एकदा दुमडावं लागलं. ते बिचारं जाडजूड पुस्तक मागच्या रांगेत उघडंबोडकं बसून राहिलं.

"खंड दुसरा बराच वाळलाय," बाबा म्हणाले. "डाएटवर आहे का?"

"चिंतन आहे. हळूहळू वाचावं लागतं."

"ते ठीक. पण चिंतन करताना दचकतेस कशाला?"

खारूताईने वर पाहिलं. कव्हराची ती नवी घडी तिच्या नजरेतून सुटली नव्हती. पण ती बोलली नाही. बाबा बोलले नाहीत. मोठ्या बाई तर नाहीच नाही.

मित्रांनो, पुस्तकांना कव्हरं जरूर घाला. धूळ बसू नये, कोपरे दुमडू नयेत म्हणून घाला. पण लाज झाकायला घालू नका. त्या सोनेरी कव्हरात मला फार ऊब होती, पण जीव घुसमटायचा. माझ्यामुळे एकाच घरात दोघीजणी एकच गोष्ट वाचून गप्प बसल्या होत्या.

मग एकशे शहात्तरावं पान आलं. त्यापुढे काहीच नव्हतं. मोठ्या बाईंनी मला उलटं धरून झटकलं. पलंगाखाली पाहिलं, कपाट रिकामं केलं. खुनी कोण, हे मला माहीत होतं, पण ते सांगणारी पानंच माझ्याजवळ नव्हती. तीन दिवस त्या अस्वस्थ होत्या. शाळेतून आल्या की शेवटचं पान पुन्हा वाचायच्या.

रविवारी दुपारी सगळे जेवायला बसले. मी पाण्याच्या तांब्याशेजारी होते.

"संपला का खंड दुसरा?" बाबांनी विचारलं.

"नाही," मोठ्या बाई ताटाकडे बघत म्हणाल्या. "शेवटची सोळा पानं नाहीत."

खारूताईचा घास हातातच राहिला. "कशाची गं आई? सात सोपानांची?"

मग मोठ्या बाईंनी हात पुसला, मला जवळ ओढलं आणि माझ्या अंगावरचं सोनेरी कव्हर स्वतःच काढून बाजूला ठेवलं. लाल बूट आणि किंकाळी फोडणारी बाई सगळ्यांसमोर आली.

"याची," त्या म्हणाल्या. "मी वाचतेय हे. मला आवडलंय. आता सांग बाई एकदाचं, खून त्या शिंप्यानेच केला ना?"